दाबाचा आणि प्रवाहाचा जमाखर्च

मार्गशीर्ष सरून पौष लागतो, परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पोटरीत येते, गव्हाला पाण्याची निकड लागते आणि हरभऱ्यालाही एखादे पाणी मिळाले तर बरे अशी प्रत्येक कास्तकाराची मनःस्थिती होते, त्या दिवसांत गोदावरी, पूर्णा आणि दुधना या तीन नद्यांच्या खोऱ्यांतील आखाड्या-आखाड्यांवरून रात्री-अपरात्री एकच चौकशी ऐकू येत असते : लाइट आली का, आणि आली असेल तर व्होल्टेज किती दाखवते? विहिरीच्या काठी अथवा बोअरच्या शेजारी, खांबाला ठोकलेल्या पत्र्याच्या स्टार्टरपेटीवर दोन तबकड्या असतात. एकीवर दाब, म्हणजे व्होल्ट, आणि दुसरीवर प्रवाह, म्हणजे अँपिअर. पहिल्या तबकडीचा काटा ४१५ च्या आसपास असावा अशी अपेक्षा असते, पण ऐन हंगामात तो पुष्कळदा ३५० च्या, कधी ३३० च्याही जवळ रेंगाळताना दिसतो. तो पाहून घरधनी कपाळाला हात लावतो, सरकारच्या नावाने दोन शब्द काढतो आणि हिरवे बटण दाबतो. दुसऱ्या तबकडीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. माझ्या मते या जिल्ह्यातील शेतीच्या विजेची खरी कैफियत त्या दुसऱ्या काट्यानेच लिहून ठेवलेली असते, आणि ती वाचण्यास दहावीच्या मुलाला येणाऱ्या भागाकार-गुणाकारापलीकडे काही लागत नाही.

तो भागाकार-गुणाकार असा. दाबाला प्रवाहाने भागले की वाटेतला रोध कळतो, त्याचे माप ओहम. दाबाला प्रवाहाने गुणले की खर्ची पडणारी शक्ती कळते, तिचे माप वॅट. आणि हजार वॅट शक्ती तासभर खर्ची पडली की बिलावरचे एक युनिट भरते. २३० व्होल्टवर जळणारा साठ वॅटचा जुना तारेचा दिवा पाव अँपिअरहून किंचित अधिक प्रवाह घेतो, म्हणजे त्याच्या तापलेल्या तारेचा रोध सुमारे ८८० ओहम ठरतो. दाब १८० वर घसरला की प्रवाहही घसरतो, साठाचा दिवा जेमतेम चाळिसाचा होतो, आणि ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला पंचांग डोळ्यांजवळ न्यावे लागते. दिवा हा असा नम्र सेवक आहे : धनी जेवढे देईल तेवढ्यात तो भागवतो. विहिरीतल्या मोटरीचा स्वभाव नेमका उलट असतो. तिच्या माथी पाण्याचा स्तंभ उचलण्याचे ठराविक काम बांधलेले असते, ते काम दाब कमी झाला म्हणून कमी होत नाही, आणि म्हणून दाबात पडलेली तूट ती प्रवाह वाढवून भरून काढू पाहते. दिव्यावरून विजेची पारख करण्याची आपल्या गावांची जुनी सवय मोटरीच्या बाबतीत फसते ती येथेच.

हा सगळा हिशेब ज्याच्या नावावर आहे तो गेओर्ग सिमोन ओहम १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन गावी एका कुलूपकाराच्या घरी जन्मला. ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही आपल्या जिल्ह्याची परंपरागत फुशारकी कोणत्या आधारावर उभी आहे याचा खुलासा आजवर कोणीही समाधानकारकपणे केलेला नाही. तथापि कोलोनच्या शाळेतील या गणित-शिक्षकाच्या निमित्ताने तरी दोन्ही स्थळांची सांगड घालण्यास हरकत नसावी. ओहमपुढील अडचण परभणीच्या कास्तकाराच्या अडचणीहून फारशी निराळी नव्हती : त्याच्या विद्युत्घटाचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरत असे, आणि घसरत्या दाबावर कोणताही नियम उभा राहत नसे. पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तांबे आणि बिस्मथ या दोन धातूंचा सांधा घेतला, त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, आणि त्या दोन अचल तापमानांपासून मिळणाऱ्या अचल दाबावर निरनिराळ्या लांबीच्या तारा लावून प्रवाह मोजला. १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला. स्वदेशातील विद्वानांनी त्याची उपेक्षा केली, नोकरीही सुटली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक देऊन त्याचा गौरव केला तो १८४१ साली. त्याच वर्षी सॅल्फर्डच्या एका मद्योत्पादकाचा मुलगा, जेम्स ज्यूल, याने तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे प्रसिद्ध केले. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे ज्यूलचे वाक्य जिंतूर-सेलूच्या शिवारात ओहमच्या वाक्यापेक्षाही अधिक मोटरी जाळीत आले आहे.

आता शिवारातला हिशेब मांडू. पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटर घेऊ. अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा मोटरीच्या दांड्यावर पावणेचार किलोवॅट मिळावयाचे, आणि तेवढे मिळण्यासाठी वाटेतल्या घसाऱ्यासह तिला सुमारे ४.३ किलोवॅट द्यावे लागतात. तीन फेजच्या बाबतीत गुणाकारात दोन गोष्टींची भर पडते : तीनाचे वर्गमूळ, म्हणजे १.७३, आणि वायरमन ज्याला पॉवर फॅक्टर म्हणतो तो अपूर्णांक, जो बिनकपॅसिटरच्या मोटरीत साधारणपणे ०.८ असतो. ४१५ व्होल्ट गुणिले साडेसात अँपिअर गुणिले १.७३ गुणिले ०.८, असे केले की हे ४.३ किलोवॅट येतात. म्हणजे दुसऱ्या तबकडीचा काटा साडेसातावर असला की मोटर सुखी आहे असे समजावे.

पण मोटर डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, पायथ्याशी क्वचितच असते. डीपीपासून निघालेली पोलादी गाभ्याची ॲल्युमिनियमची तार बांध, नाला आणि पांदण ओलांडीत आठशे मीटर, कधी त्याहून दूर जाते. या तारांच्या जातींना फार पूर्वी कोणा विलायती कारखानदाराने प्राण्यांची नावे देऊन ठेवली आहेत, ती आपल्या दफ्तरांतही तशीच चालतात. त्यांतली बारीक स्क्विरल, तिच्याहून जाड विझल, मग रॅबिट, डॉग आणि मोठ्या मनोऱ्यांवरची पँथर. शिवारातल्या लघुदाबाच्या खांबांवर बहुधा खारीचे किंवा मुंगसाच्या भाऊबंदाचे राज्य असते. स्क्विरलच्या एक किलोमीटर तारेचा रोध १.४ ओहमच्या जवळपास भरतो. आठशे मीटरला १.१ ओहम धरू. ओहम-दीड ओहम ही संख्या ऐकावयास क्षुल्लक वाटते, आणि ८८० ओहमच्या दिव्याच्या शेजारी ती क्षुल्लक आहेही. परंतु तारेच्या शेवटी पाच अश्वशक्तीच्या सहा मोटरी लागल्या की त्या तारेतून ४५ अँपिअर वाहू लागतात, आणि मग त्या क्षुल्लक रोधावर प्रत्येक फेजमध्ये पन्नासच्या घरात व्होल्ट खर्ची पडतात. डीपीवर फेजचा दाब २५० असला तर तारेच्या शेवटी २०३ च्या आसपास उरतो. तीन फेजच्या भाषेत सांगावयाचे तर ४३३ चे ३५२ होतात.

येथे हिशेब संपला असता तर पुष्कळ होते. पण मोटर दिव्यासारखी नम्र नाही हे वर आलेच आहे. ३५२ वर तीच मोटर साडेसाताऐवजी पावणेनऊ अँपिअर ओढते. साही मोटरींचा मिळून प्रवाह ५३ होतो. प्रवाह वाढला म्हणून तारेतली तूट आणखी वाढते, तूट वाढली म्हणून दाब आणखी घसरतो, दाब घसरला म्हणून प्रवाह पुन्हा वाढतो. आणि सावकाराच्या चक्रवाढीची आठवण करून देणारा हा क्रम अखेर ३३३ व्होल्ट आणि मोटरीमागे ९.२ अँपिअर यांवर कसाबसा स्थिरावतो. त्या अवस्थेत ज्यूलच्या नियमाने मोटरीच्या वेटोळ्यांत उष्णता दीडपट निर्माण होत असते. आणि तारेत? ५५ चा वर्ग गुणिले १.१ गुणिले तीन तारा : दहा किलोवॅट. सहा मोटरींना मिळून सुमारे २६ किलोवॅट पोचविण्यासाठी दहा किलोवॅट वाटेत जळतात. आठ तासांच्या पाळीत ८० युनिटे, जी कोणाच्याही पिकाच्या मुळाशी जात नाहीत, कोणाचे घर उजळीत नाहीत, आणि थंडीच्या रात्री तारेवर बसलेल्या एखाद्या टिटवीखेरीज कोणाला ऊबही देत नाहीत. (टिटवी तारेवर बसत नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या रात्री दुसरा पक्षी जागा नसतो.)

पाथरी, मानवत आणि परभणी तालुक्यांतून जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा जातो, त्या भागातील मंडळींना हा प्रकार निराळा समजावून सांगावा लागत नाही. कालव्याच्या मुखापाशी पाण्याची चैन आणि टेलच्या शेतकऱ्याला चिखल, हा अनुभव त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. फरक इतकाच की, टेलच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळाले तर त्याचे पीक वाळते. तारेच्या टेलला दाब कमी मिळाला तर पीक वाळतेच आणि मोटरही जळते.

या दुर्दशेत कास्तकाराचा स्वतःचा वाटा काहीच नाही असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. रात्रीची पाळी असते, अंधारात साप-विंचवाचे भय असते, म्हणून जवळजवळ प्रत्येक पेटीत ॲटो स्विच बसविलेला असतो, की वीज येताच मोटर आपोआप सुरू व्हावी. त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही तो बसविला असता. परंतु सुरू होण्याच्या क्षणी मोटर आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. १०० केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता १३३ अँपिअर, आणि वीज येताक्षणी पंधरा-सोळा मोटरी एकदम उठल्या तर मागणी सहाशेच्या घरात. दाब असा कोसळतो की एकही मोटर धड उचलत नाही, कारण मोटरीचा उचलण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. सगळ्या जागच्या जागी घुमत राहतात, आणि अखेर डीपीवरची फ्यूजतार सर्वांच्या वतीने प्राणार्पण करते. मग ती तार दुसऱ्या दिवशी जाड घालावी असा ठराव गावकरी एकमताने करतात, आणि त्यापुढच्या खेपेस फ्यूजऐवजी डीपी जाते.

याउलट कपॅसिटर नावाची जी छोटी डबी याच पेटीत मावते, तिच्याविषयी गावात कमालीची उदासीनता आहे. मोटर जो प्रवाह ओढते त्याचा काही भाग प्रत्यक्ष कामाला येत नाही, तो केवळ तिच्या लोखंडात चुंबकत्व उभे करण्यासाठी मागे-पुढे येरझारा घालतो, आणि त्या येरझाऱ्यांचे ओझे सगळ्या तारेला वाहावे लागते. कपॅसिटर ही येरझार पेटीतल्या पेटीत मिटवतो. पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर गेला की साडेसात अँपिअरचे ६.३ होतात, सहाही शेजाऱ्यांनी डबी बसविली तर तारेतला घसारा ज्यूलच्या हिशेबाने एकदम तीस टक्क्यांनी उतरतो. अडचण एवढीच की, मी बसविलेल्या डबीचा लाभ सहाजणांत वाटला जातो, आणि न बसविण्याचा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. बांधाच्या वादात तीन पिढ्या खर्ची घालणाऱ्या आपल्या समाजाला असले सामाईक हित पटवून देणे वायरमनच्या आवाक्यातले काम नव्हे.

जळालेली मोटर अखेर तालुक्याच्या बाजारपेठेत पोचते. परभणीत काय किंवा जिंतूर, गंगाखेड, मानवतला काय, मोटर भरून देणाऱ्यांची दुकाने रब्बीच्या दिवसांत ओसंडून वाहत असतात, आणि तेथे बसणारा कारागीर हा माझ्या मते या विषयातील सर्वांत विश्वासार्ह पंच होय. आवरण उघडून वेटोळी पाहताच तो पंचनामा सांगतो. सगळी वेटोळी सारखीच काळवंडली असतील तर दाब कमी होता किंवा भार अधिक होता. दोन फेजची जळून तिसऱ्याची तांबूस राहिली असतील तर एक फेज गेलेला असताना मोटर दोनांवर चालत राहिली. या दुसऱ्या प्रकारात उरलेल्या दोन तारांतला प्रवाह १.७३ पट होतो आणि उष्णता नेमकी तिप्पट. तेव्हा घरधन्याने कितीही शपथा घेतल्या तरी वेटोळ्यांची साक्ष फिरत नाही.

याच दुकानात ओहमच्या नियमाची एक मर्यादाही दृष्टीस पडते, जी शाळेत बहुधा राहून जाते. मल्टिमीटरची टोके मोटरीच्या दोन तारांना लावली आणि काट्याने समजा साडेतीन ओहम दाखविले, तर भोळा विद्यार्थी ४१५ ला साडेतिनाने भागून ११८ अँपिअर असे उत्तर लिहील. प्रत्यक्षात चालती मोटर साडेसात घेते. कारण मल्टिमीटर बॅटरीच्या एकदिश प्रवाहाने मोजतो, आणि मोटर चालते ती सेकंदाला पन्नास वेळा हेलकावणाऱ्या प्रवाहावर. वेटोळ्यातले चुंबकत्व त्या हेलकाव्यांना जो विरोध करते तो तांब्याच्या रोधाहून कितीतरी मोठा असतो, आणि फिरता गाभाही उलट दाब निर्माण करीत असतो. मोटर अडकून जागच्या जागी थांबली की हा उलट दाब नाहीसा होतो आणि प्रवाह चाळिसावर उसळतो.

तरीही ते साडेतीन ओहम निरुपयोगी नाहीत. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो, हा नियम इतका इमानी आहे की त्यावरून पाणबुडी मोटरीचे अंतःकरण किती तापले आहे हे काठावर उभे राहून सांगता येते. थंड असताना, ३० अंशांवर, साडेतीन ओहम. तीन तास चालवून बंद करताच तत्काळ मोजले तर चार ओहम. म्हणजे वाढ चौदा टक्के, म्हणजे वेटोळे सुमारे ६८ अंशांवर पोचले. दोनशे फुटांखाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंधारात असलेल्या वस्तूचा ताप एका भागाकाराने कळावा, याला मी तरी चमत्कारच म्हणेन. तिसरी मोजणी मेगर नावाच्या यंत्राची : ५०० व्होल्ट दाब देऊन वेटोळे आणि लोखंडी आवरण यांच्यामध्ये किती प्रवाह गळतो ते पाहावयाचे. अर्धा मिलिअँपिअर गळला तर रोध दहा लाख ओहम, आणि त्याहून पुष्कळ अधिक गळला तर ती मोटर पाण्यात सोडणे म्हणजे माणूस मारण्याची पूर्वतयारी.

हे शब्द मी विचारपूर्वक वापरतो. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्लिश विद्वानाने ओहमच्या जन्माआधी, १७८१ मध्ये, हाच नियम जवळजवळ हस्तगत केला होता. प्रवाह मोजण्याचे यंत्र नव्हते म्हणून तो स्वतःच्या देहातून वीज जाऊ देई आणि झटक्याच्या तीव्रतेवरून तुलना करी. त्याची टिपणे दफ्तरात पडून राहिली आणि मॅक्सवेलने ती १८७९ साली छापली. कॅव्हेंडिशची ही पद्धत आमच्या शिवारात अद्याप प्रचलित आहे : पाइपाला हाताची उलटी बाजू लावून ‘करंट मारतो का’ ते पाहण्याची. कॅव्हेंडिश वाचला, कारण त्याच्या घटांत जोर बेताचा होता.

परभणीची खोल काळी माती पावसाळ्यात ओल धरून असते तोवर चांगली वाहक असते. जमिनीत आठ फूट पुरलेली अर्थिंगची नळी तेव्हा चार-पाच ओहम रोधही दाखवील. तीच माती चैत्र-वैशाखात भेगाळते, भेगांत हात जाईल एवढी फाटते, नळीभोवतालची माती तिला सोडून मागे सरते, आणि त्याच अर्थिंगचा रोध कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून जुने वायरमन खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालीत, आणि उन्हाळ्यात त्यावर घागरभर पाणी ओतण्यास सांगत. समजा अर्थिंगचा रोध पन्नास ओहम झाला आणि एका फेजची तार मोटरीच्या आवरणाला चिकटली. डीपीकडचे पाच ओहम धरून २४० भागिले ५५, म्हणजे ४.४ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. पंधरा-वीस अँपिअरची फ्यूजतार एवढ्या प्रवाहाने ऊनही होत नाही. आणि पाइपावर २१८ व्होल्ट सतत उभे राहतात. ओल्या देहाचा रोध हजार ओहमच्या आसपास असतो, म्हणजे पाइपाला हात लावणाऱ्या माणसातून दोनशे मिलिअँपिअर जातील. हृदयाची लय बिघडण्यास याच्या निम्मेही पुरेसे होतात. गळतीच्या तीस मिलिअँपिअरला तोडणारा स्विच शहरातल्या नव्या घरांतून दिसू लागला आहे. ज्या ठिकाणी माणूस अनवाणी, ओल्या पायांनी, अंधारात पेटीला हात लावतो, त्या ठिकाणी तो जवळजवळ कोठेच नाही, ही व्यवस्था मला उफराटी वाटते.

वास्तविक दाब वाढवून प्रवाह आवरण्याची युक्ती या जिल्ह्याला नवी नाही. जिंतूर तालुक्यात येलदरी येथे पूर्णेवर जे धरण आहे, त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. ती २२.५ मेगावॅट वीज ४१५ व्होल्टवर कोणी नेऊ म्हटले तर तारेत एकतीस हजार अँपिअर वाहवावे लागतील, आणि तेवढी जाड तार टांगण्यास खांब कोठून आणणार? तीच १३२ किलोव्होल्टवर नेली तर शंभराच्या आत भागते. हा विवेक मोठ्या मनोऱ्यांवर पाळला जातो आणि शिवारातल्या शेवटच्या मैलावर सुटतो. कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरणाची योजना राज्यात २०१८ च्या सुमारास आली, तिचे मर्म एवढेच आहे : अकरा हजार व्होल्टची तारच थेट विहिरीपर्यंत न्यावी आणि एका किंवा दोन शेतकऱ्यांना मिळून एक लहानगे रोहित्र द्यावे. दाब पंचवीसपट, म्हणून प्रवाह पंचविसावा हिस्सा, म्हणून त्याच तारेतला घसारा सहाशेपटींहून अधिक कमी. शिवाय ज्याच्या दारची डीपी त्याची स्वतःची असते, तो तिच्यावर आकडा टाकू देत नाही. हा लाभ ओहमच्या ग्रंथात सापडणार नाही. या योजनेचा रोहित्रांवरील खर्च मोठा आहे हे खरे, पण मला हा खर्च मुफत वाटलेल्या युनिटांपेक्षा केव्हाही स्वस्त वाटतो.

कारण मुफत युनिटांचा हिशेब कसा ठेवतात हेही पाहण्याजोगे आहे. पुष्कळ कृषिपंपांना मीटर नाही. त्यांची आकारणी वर्षानुवर्षे अश्वशक्तीवर होत आली, जणू काही जमिनीची पैमाईश करून सारा बसवावा तशी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत राज्य शासनाने बिलच माफ केले आहे. ज्या वापराला मीटर नाही तो अंदाजाने ठरवावा लागतो, आणि वितरणातली गळती म्हणजे पुरविलेल्या विजेतून वापरलेली वजा जाता उरलेली बाकी. एक रक्कम अंदाजाची असली की दुसरीही अंदाजाचीच होते. वर जे दहा किलोवॅट तारेत जळताना दिसले, ते कोणत्या खाती पडले? ते शेतकऱ्याच्या नावावर ‘कृषी-वापर’ म्हणून जमा धरणे सर्वांनाच सोयीचे असते, आणि मग शहरातला वाचक वृत्तपत्र बाजूला ठेवून म्हणतो की, शेतकरी फार वीज खातात. डीपीवर एक मीटर आणि तारेवरच्या पंपांची दाब-प्रवाहाची वर्षातून चार वेळा नोंद, एवढ्यावर हा ताळेबंद गावागावात मिळविता येईल. परभणीस १९७२ पासून स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे, ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण त्याने दिले; एका शिवाराचा असा विजेचा उतारा त्याच्या विद्यार्थ्यांनी तयार केला तर तो पदवीच्या प्रबंधाहून अधिक वाचला जाईल.

अलीकडे मात्र या जमाखर्चातून तार हा पदार्थच वगळणारा एक प्रकार शिवारात उभा राहिला आहे. सौर पंपाच्या निळ्या पाट्या आता जिंतूरच्या माळरानापासून गोदाकाठच्या मळ्यांपर्यंत दिसतात. पाच अश्वशक्तीच्या पंपाला पाच किलोवॅटच्या पाट्या लागतात. ३३० वॅटच्या पंधरा पाट्या एकापुढे एक जोडल्या की प्रत्येकीचे ३८ व्होल्ट मिळून ५७० होतात आणि प्रवाह सगळ्यांतून तोच, ८.७ अँपिअर. तार तोडली तर दाब पूर्ण पण प्रवाह शून्य, म्हणून शक्ती शून्य. दोन टोके एकमेकांना जोडली तर प्रवाह पूर्ण पण दाब शून्य, म्हणून पुन्हा शक्ती शून्यच. या दोन शून्यांच्या मध्ये गुणाकार सर्वाधिक होईल असा एकच बिंदू असतो, आणि ऊन बदलेल तसा तो सरकतो. खांबावरच्या नियंत्रक डब्याचे मुख्य काम तो क्षणोक्षणी शोधीत राहणे हे आहे.

आमच्या लोकांना या पाट्यांविषयी एक आश्चर्य हमखास वाटते : माघ-फाल्गुनाच्या कोवळ्या उन्हात पंप जेवढा जोमाने चालतो तेवढा वैशाखाच्या वणव्यात का चालत नाही? पाटीचा दाब प्रत्येक अंश उष्णतेला पाव-अर्धा टक्का उतरतो. पाटी २५ अंशांवर तपासलेली असते आणि परभणीच्या उन्हाळ्यात ती स्वतः ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे चौदा-पंधरा टक्के शक्ती उन्हाच्या अतिरेकानेच हिरावली जाते. डब्याच्या छोट्या पडद्यावर दाब आणि प्रवाह दोन्ही लिहून येतात, आणि येथे मात्र कास्तकार दुसरा आकडाही वाचू लागला आहे, कारण मध्ये डीपी नाही, शेजारी नाही आणि वायरमनही नाही. दाब उतरलेला आणि प्रवाह शाबूत असेल तर पाट्या तापल्या आहेत, त्यावर सायंकाळपर्यंत थांबण्याखेरीज इलाज नाही. दाब शाबूत आणि प्रवाह उतरलेला असेल तर धूळ बसली आहे किंवा कोपऱ्यातल्या बाभळीची सावली एखाद्या पाटीवर आली आहे. तेव्हा सकाळी पाट्या थंड असताना त्या धुवाव्यात, आणि त्याने भागले नाही तर कुऱ्हाड घेऊन बाभळीकडे पाहावे.